आखूड दात

बाबा, मी जपानात जाऊन आलो. तुम्ही असता तर पहिलं वाक्य ठरलेलं होतं. “काहून बे, पवनीत लोकं कमी पडले का फसवाले?” सगळा ओटा हसला असता, आणि मीही हसलो असतो. समोरच्याला हसवत हसवत कापायचं, तुमच्याकडून मी एवढं एकच कसब उचललं. माग मला जमला नाही, पण कापड विकताना हे कसब फार कामी आलं. लोक म्हणतात, शेठ बोलायला गोड माणूस आहे.

क्योतो शहराच्या उत्तर-पश्चिमेला निशिजिन नावाची विणकरांची वस्ती आहे. तिथल्या एका जुन्या दुकानाला आपलं करवतकाठी कापड, काठाला करवतीसारखे दात विणलेलं, कोशाच्या रेशमाचं, हवं होतं, म्हणून गेलो. निशिजिन म्हणजे पश्चिमेची छावणी. पाचेकशे वर्षांपूर्वी दोन सरदार तिथं अकरा वर्षं लढले आणि सगळं शहर जाळून बसले. विणकर पळून गेले होते. लढाई संपल्यावर परत आले आणि पश्चिमेकडच्या फौजेची छावणी जिथं होती, त्याच जागेवर त्यांनी माग मांडले. नाव मात्र छावणीचंच राहिलं. दाराशी अरुंद आणि मागं लांबच लांब अशी तिथली घरं आहेत. पुढं दुकान, पार मागं माग. आता बरेचसे बंद आहेत, चालू असलेल्यांतले पुष्कळ मोटरवर आहेत. पण एका गल्लीत लाकडी जाळीमागून हातमागाचा ठोका आला आणि मी थांबलो. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. आत सत्तरीची बाई बसली होती. तिनं मला नखं दाखवली, दोन बोटांची नखं कानशीनं घासून करवतीसारखी दातेरी केलेली. त्या दातांनी ती बाणा, म्हणजे आडवा धागा, ओढून बसवते. मी तिच्या नखांकडं बघत राहिलो, आणि मला आपला काठ दिसत राहिला.

तिथून जवळच एक जुनं देऊळ आहे. त्या लढाईतून वाचलेलं. खांबांवर तलवारींचे वार अजून आहेत, बोट घालून पाहता येतात. सोबतच्या दुभाषी पोरीनं त्याची गोष्ट सांगितली. देऊळ बांधणाऱ्या मिस्त्रीनं मुख्य खांबांपैकी एक चुकून आखूड कापला. तसं लाकूड पुन्हा मिळणारं नव्हतं. तेव्हा त्याच्या बायकोनं सुचवलं, बाकीचे खांबही तेवढेच कापा आणि वर ठोकळे चढवून उंची भरून काढा. देऊळ उभं राहिलं, लोकांनी मिस्त्रीची वाहवा केली. पण आढं चढायच्या आधीच त्या बाईनं जीव दिला. हे डोकं बायकोचं होतं हे कळून नवऱ्याची लाज जायला नको, म्हणून. मला वाटलं, गोष्ट इथं संपली. तर पोरगी म्हणाली, मागं वळून बघा. देवळाच्या अंगणात तिचीच मूर्ती बसवलेली होती, गुबगुबीत गालांची, हसरी. तिकडं अजूनही नव्या घराचं आढं चढवताना सुतार तिचा मुखवटा बांधतात. मिस्त्रीची मूर्ती मात्र मला दिसली नाही.

बाबा, तुम्हाला तो मार्गशीर्ष आठवतो का? नागपूरच्या प्रदर्शनात साडी मांडायची आहे, पंधरा दिवस उरले आहेत. तुम्ही खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला आहात, बाजूच्या पाटावर माय, काठाच्या धाग्याचा धोटा हातोहात देते आहे. तीन धोट्यांचं काम, एकट्यानं होत नाही. मी दारात टेकून दुकानदारांच्या नावांची यादी करतो आहे, चोवीस वर्षांचा घोडा. वीतभर काठ झाल्यावर ठोका थांबतो. उजव्या काठात एक दात आखूड पडला आहे. तुमच्याकडून. कोशाचा धागा उसवला की केसाळ होतो, पुन्हा बसत नाही. तुम्ही घामेघूम. माय हळू आवाजात म्हणते, “अजी, राहू द्या त्याले तसाच. दर दहा दातांनंतर एक आखूडच घ्या, दोन्ही काठाले. धानाच्या रोवण्यात रोप कमी पडलं का आमी साऱ्या ओळी पातळ करतो, बांधावरून कोनालेच दिसत नाई.” धोटा सुरू होतो.

पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या मोहल्ल्यात त्या काठाला तुमचं नाव पडलं. आपण घरी आलो तेव्हा शेजारणी ती साडी आणि बक्षिसाची शाल पाहायला आल्या, आणि एकीनं विचारलं, “हे आखूड दाताचं कसं सुचलं व?” माय खुशीत होती, बोलून गेली, “म्याच सांगतलं होतं.” तुम्ही हसत बाहेर आलात. “आयकलं का? आसगावची रोवणेवाली आता मले काठ शिकवते! उद्या देवाले सांगन, सूर्य कुकडून काढाचा ते!” सगळे हसले. माय पदर तोंडाला लावून हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

दुसऱ्या दिवशी ती मागाशी आली तर तिच्या पाटावर तुमचा पाय होता. “कांड्या भर,” एवढंच बोललात. त्यानंतर मरेपर्यंत ती मागच्या खोलीत धोट्यांसाठी धाग्याच्या कांड्या भरत राहिली, चौदा वर्षं. पाटावर तुम्ही भाच्याला बसवलं. तो अर्ध्या श्वासानं मागं पडायचा आणि आपला माग लंगडायचा. मला ऐकू यायचं. तुम्हालाही यायचं, तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. शेवटच्या दिवसांत माय शुद्धीत नव्हती, पण गोधडीवर तिचा उजवा हात धोटा द्यायला पुढं जायचा, परत यायचा, पुढं जायचा. तुम्ही दारातून पाहिलं आणि म्हणालात, “पाह्य, खोड नाई गेली अजून.” तुम्ही गेलात त्या दिवशीच मी दुकान दुपारनंतर उघडलं होतं. लोकांना वाटलं, पोरानं दुःख गिळलं.

आता कामाचं. त्या निशिजिनच्या दुकानात प्रत्येक कापडासोबत एक कार्ड देतात, त्यावर ही नक्षी पहिल्यांदा कोणाची, ते लिहितात. त्यांनी मला विचारलं. तुमचं नाव माझ्या जिभेवर आलंच होतं, इतकी वर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगतो आहे. पण मी मायचं नाव लिहून दिलं. तुम्हाला बोचावं म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो होतो, कारध्याच्या पुलावरून तुमच्या अस्थींच्या मागं वैनगंगेत सोडणार होतो.

काल त्यांचा निरोप आला. नावाच्या बाजूला त्या बाईचा फोटो पाहिजे.

मायचा फोटो कुठं आहे, बाबा? एकच होता, बक्षिसाचा. तुम्ही शाल पांघरून मध्ये, आणि साडीचं टोक धरून ती. फोटोवाल्यानं “बाई, जरा सरका” म्हटलं म्हणून सरकली आणि कडेला नुसता तिचा हात राहिला, मनगटापर्यंत, धाग्यानं चिरलेल्या बोटांचा. तुम्ही गेल्यावर दुकानात लावायला मी तो मोठा करून घेतला. फ्रेमवाल्यानं विचारलं, “शेठ, कोपऱ्यात हा कोनाचा तरी हात येऊन राहिला. कापू?” मला नीट ऐकू आलं होतं. मी म्हणालो, काप.

जुना फोटोही मी त्याच्याकडून परत आणला नाही. म्हणून हे पत्र पुलावर नेलं नाही, खिशातच आहे.