मडमेच्या सायकलची चकती

बाबा,

धम्मदीक्षा घेतल्यावर तुम्ही मला नर्सिंगला धाडलंत. नेरजवळच्या दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा विलायतेला परतणाऱ्या एका मडमेची जुनी, तीन गिअरची सायकल माझ्यासाठी आणलीत. फ्रेमला मधला दांडा नाही, म्हणून लुगड्यातही बसता यायचं. मागची दातेरी चकती झिजली होती, ती तुम्ही यवतमाळला आपल्या सायकलच्या दुकानात बदललीत. पण चढ आला की चेन पडायची. तुम्ही माझ्यावरच चिडलात. "तुले पायडलच मारता येत नाही वं नीट. नाहीतर चेन कायले पडन?" मलाही मनातून वाटायचं, खरंच आपल्यालाच जमत नसेल.

मग तुम्ही स्वतः पाहायला आलात, आणि त्याच दुपारी टेकडीपलीकडच्या गावाहून माणूस धावत आला. बाई अडली होती, डॉक्टर वणीला गेलेले. तुम्ही सायकल हाती घेतलीत. मी मागे कॅरिअरवर, औषधांची पेटी मांडीवर. चढाच्या मध्यावर खाडकन चेन पडली, तुमच्या पायाखाली! तुम्ही सायकल उलटी करता, मागचं चाक काढता, फ्रेमच्या मागच्या दांडीवर चेननं खरवडलेला रंग बोटानं चाचपता. मी घामाघूम होऊन गावाकडे बघतेय.

"चकती मीच उलटी बसवली, पोरी," तुम्ही म्हणता. "खोलगट बाजू आत, चाकाकडं पाह्यजे होती, मी बाहेर ठेवली. म्हून चेन तिरपी चालून राह्यली."

चकतीवरची तारेची कडी उचकटून, चकती पालटून, चाक पुन्हा कसून होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. "जाय तू पुढं. मी येतो पायी."

पहिल्या गिअरवर चढले. चेन एकदाही पडली नाही. बाळ पायाळू होतं, निळसर निघालं, क्षणभर गप्प, आणि मग असं रडलं की आजूबाजूच्या बायाही रडायला लागल्या. आई सुखरूप होती. हात धुवायला बाहेर आले तर तुम्ही अंगणात बसलेले, कपाळाला काळं वंगण. "रडलं ना?" एवढंच विचारलंत आणि हसलात. इतकं हलकं मला पुढे क्वचितच वाटलं.

तुम्ही गेलात तिथं हा कागद पोचवणारी टपालपेटी कुठली? कपाटातच राहील. एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. एकटीनं बाळंतपण करायची ती माझी पहिलीच वेळ होती. कुडाच्या भिंतीपलीकडून तुमचा खोकला ऐकू आला, आणि मगच मला बाळाच्या पायांना हात घालायचा धीर झाला.