कबड्डीची चड्डी

अमरावती, रविवार, संध्याकाळ

नणंदबाईंचं तोंडही पाहू नये असं वाटून राहिलं. पुढच्या रविवारी ह्यांना पन्नास पूर्ण होतात. सासरे गेल्यापासून हे हसलेच नाहीत, म्हणून मी ह्यांच्या शाळेतल्या कबड्डीच्या गड्यांना गुपचूप गोळा केलं. भातकुलीच्या शाळेच्या मैदानावर सगळे हाफचड्डीत उभे राहणार. ह्यांची चड्डी मी शिवूनही ठेवली.

फक्त नणंदबाईंना सांगितलं, तर अकोल्याहून म्हणतात, "पन्नाशीच्या माणसाले चड्डी घालून खेयाले लावतं काय? लोक हसतीन."

"हसावं म्हणूनच तर करून राहिली मी. ह्यांना मात्र सांगू नका."

सख्ख्या भावाचा उतरलेला चेहरा दिसत नाही, चड्डी दिसते?

आज मी पोळ्या लाटत होते. बाहेर ह्यांचा फोन वाजला आणि थोड्या वेळानं हे हसायला लागले. पोट धरून, थांबेचनात. मी लाटणं घेऊनच धावले.

"ताईनं सांगितलं," डोळे पुसत म्हणाले. "कुठी हाये चड्डी?"

दिली काढून. ह्यांनी आरशासमोर उभं राहून मांडीवर थाप मारून पाहिली.

मी आत येऊन बसले. ज्या हसण्यासाठी एवढं केलं, ते त्या बाईनं अकोल्यात बसून आधी ऐकलं.