या वेळचा सेल खरा होता

सुलू,

मी घरी नसताना कपडे न्यायला येणार आहेस, असा तुझ्या भावाचा निरोप मिळाला. म्हणून आज ड्युटीवर लवकर निघालो. स्वेटर कपाटात वरच्या खणात आहे, तो आधी घे. तुझ्या भावाकडे आरे कॉलनीत पहाटे गारठा असतो.

पलंगाजवळ व्हॅक्यूम क्लीनर दिसेल. घाटकोपरच्या त्याच दुकानातून आणला. या वेळचा सेल खरा होता गं. आधी भाव चढवायचा आणि दिवाळीला उतरवल्याचा बोर्ड लावायचा, ही त्यांची लबाडी मी दोन वर्षं पकडली. दर शनिवारी जाऊन भाव बघायचो, कॅलेंडरच्या मागे लिहायचो आणि आपल्याला कोणी गंडवू शकत नाही म्हणून शेजाऱ्यांत मिरवायचो. तू तोवर झाडू मारून खोकत बसायचीस. वर मीच विचारायचो, एवढी धूळ आहे कुठे, दाखव ना मला.

काल रविवारी गादी, पडदे, पलंगाखाली, सगळीकडे मशीन फिरवलं. दोन खोल्यांना अख्खा दिवस लागला, पाठीची वाट लागली. लगेच निघू नकोस. पाच मिनिटं खिडकीपाशी बसून श्वास घेऊन बघ.

मशीनच्या आतली पिशवी भरली, ती मी टाकलेली नाही. मोरीजवळ पेपरावर ठेवली आहे. उघडू नकोस, त्रास होईल. लांबूनच बघ. तू सांगत होतीस ती सगळी धूळ त्यात आहे. मला काल दिसली.

अनंत