डावीकडचा खिळा

१८ नोव्हेंबर
इंजिन नाकारलं. मेकॅनिक बावतीस शपथेवर सांगत होता, "वैनी, एकदम मक्खन हाय." झाकण उघडायला लावलं. आत करडा गाळ. पुरात बुडालेली गाडी, दुसरं काय. पावसाळा सरला की वसईत असल्या इंजिनांना ऊत येतो. माझी अख्खी नोकरी औषध कंपनीत बॅच नापास करण्यात गेली. तेलातलं पाणी मला वासावरून कळतं.
बावतीस : "तुम्हाला काय खपवायचं म्हंजे कठीन."
घरी येऊन नवऱ्याला, अ.ला, सांगितलं. तोंड पाडून बसला. मग, "दुसरं बघा. गिअरबॉक्स मात्र पाच गिअरचाच हवा."
पक्षाघात जुलैतला. बोलणं साफ आहे, डावा हात परत आला, डावा पाय ओढतो. आणि डोक्यात ही गाडी. दोन सीटांची, ठेंगणी, लाल. निवृत्त झाल्यावर गोव्याहून टेम्पोवर घालून आणली. बनवणारी कंपनी कधीच बंद. मूळ इंजिन जाम, गिअरबॉक्सचे दात गेलेले, सुटे भाग कुठे मिळत नाहीत. म्हणून साध्या गाड्यांचं काढून तिच्यात बसवायचं. गोखिवऱ्याला बावतीसच्या गाळ्यात बॉनेट उघडं टाकून पडली आहे.

२६ नोव्हेंबर
इंजिन मिळालं. भंगारात निघालेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. इंजिन कोरडं, स्वच्छ. गिअरबॉक्स घेतला नाही, शिकाऊंनी खाल्लेला. तो दुसऱ्या गाडीतून.
त्या गाडीला मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. बावतीसने त्यातला क्लच फळीवर ठोकून, मागे स्प्रिंग लावून अ.साठी पाठवला. व्यायामाला. ब्रेक गाळ्यातच कोपऱ्यात पडलाय.
पहिला महिनाभर अ. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आंघोळीला उठायचा नाही. आता सकाळी दात घासायच्या आधी फळी पुढे ओढतो.

९ डिसेंबर
फुलपाड्याहून येणारी फिजिओ, स्नेहल, खूष. पाय सुधारला. म्हणाली, "काका, एवढं मन लावून कोणी करत नाही." अ. म्हणाला, "तुझ्यासाठी नाही करत गं. क्लच कडक आहे तिचा."
ताटात आज पुन्हा भात टाकला. बोलले त्याला. अन्न टाकायची सवय कधीपासून लागली?

१४ डिसेंबर
दिवसभर जेवायचं टेबल अडवून बसलेला. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, बोल्ट जुळत नाहीत. मध्ये पोलादी प्लेट लागते. तिचा नमुना पुठ्ठ्यात कापला. मापं, गोलाई, सगळं स्वतः. कारखान्याच्या टूलरूममध्ये याच्या ड्रॉइंगवर कुणी दुसऱ्यांदा पट्टी लावत नसे. मला हात लावू दिला नाही. गुंडाळून दोरा बांधून बावतीसकडे पाठवला.
संध्याकाळी कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

१५ डिसेंबर
बावतीसचा फोन. "साहेबांना देऊ नका. तुम्हीच ऐका."
"बोल."
"पुठ्ठ्याला उजवीकडं भोकं हायत. एकदम बरोबर हायत. डावीकडं एक पन नाय. मस्करी केली काय त्यांनी?"
मी नाही म्हटलं.
रात्री ताटाकडे पाहिलं. पोळी, आमटी, कोबी संपलेलं. भात तसाच. भात मी डावीकडे वाढते. काही न बोलता ताट फिरवलं. "अरे, भात आहे होय," म्हणाला, आणि जेवला.

१९ डिसेंबर
डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण स्पष्ट. डोळे ठीक. मेंदूला डावीकडे जग आहे याचं भान नाही. आणि भान नाही याचंही भान नाही. काहींचं परत येतं, काहींचं नाही.
गाडी?
"अजिबात नाही. निदान मी सांगेपर्यंत."
अ. रिक्षात हसत होता. "तिला चेंगट नवरा मिळाला असणार. डोळे तपासले, नंबरसुद्धा तोच आहे. मला सगळं दिसतं."
खोटं बोलत नाही तो. त्याला जे दिसतं ते सगळं दिसतं.

२२ डिसेंबर
गाळ्यात गेले. गाडीचं काम थांबवायला.
बावतीस स्टुलावर बसून चहा पीत होता. म्हणाला, "थांबवतो. मग फळीवरचा पाय कोन मारनार?"
थांबवू नकोस म्हटलं, फक्त सावकाश कर.
प्लेटची डावीकडची भोकं त्याने इंजिनावरूनच आखून घेतली. अ.ला सांगायचं, नमुन्याबरहुकूम केली.
"वैनी, खोटं मला बोलायला लावता. फादरपुढं कबुली मला द्यायची हाय, तुम्हाला नाय."
"माझ्या नावावर घाल."
"तुमचं नाव आमच्या चर्चमंदी नाय चालत."

११ जानेवारी
बावतीसला सावकाश कर म्हणून सांगितलं होतं. माउंट चुकले, रबर मिळत नाही, एक्सल लांब पडतोय. यातलं निम्मं खरंही निघालं. अ. चिडचिडा. काल फळीला हात लावला नाही. आज आंघोळ नाही.
पुढे कर म्हणून फोन केला.

२ फेब्रुवारी
कोपऱ्यातला तो ब्रेक आठवला. माझ्या बाजूला बसवायला सांगितला. वायरने मुख्य पेडलला जोडायचा.
बावतीस : "साहेब बघतील ना."
"बघितलं तर पेढे वाटीन."
तो हसला नाही.

१६ फेब्रुवारी
सुरू झालं. पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा धरलं. बावतीसने छातीवर क्रूसाची खूण केली.
अ.ला नेलं होतं. बॉनेटवरून हात फिरवत उजव्या बाजूने आला, आत बसला. मीटर, स्टिअरिंग, गिअर, छतापर्यंत सगळं न्याहाळलं. दाराच्या आतली शिवण उसवली आहे, ती दाखवली. मी शेजारी बसले होते. पायाशी वीतभर लांब काळं पेडल.
"बावतीस, एक वस्तू कमी नाही ठेवलीस."
बावतीस बाहेर जाऊन हात धुवायला लागला. बराच वेळ धूत होता.

२३ फेब्रुवारी
गाळ्यामागचं मोकळं मैदान. क्लच त्याने स्वतः दाबला, पहिला टाकला, दुसरा टाकला. पाय थरथरला नाही. इतकं सरळ बसलेलं त्याला मी कॉलेजात पाहिलं होतं.
डावीकडे रिकामं पिंप. मी बघत होते. तो वळवेल म्हणून थांबले, नको इतकी थांबले. मग ब्रेक दाबला. गाडी गचके देत बंद पडली. पिंप हाताच्या अंतरावर, माझ्या काचेशी.
अ. : "ब्रेक झकास धरतो. नुसता पाय ठेवला."
घरी येऊन गुडघे चोळत बसले. माझे.

९ मार्च
नवं इंजिन आरटीओत नोंदवलं. हे होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती, तेवढाच माझा आधार होता. आज पास झाली. दिवे, हॉर्न, धूर, इंजिनाचा नंबर. डावीकडचा ब्रेक बघून तिथल्या तपासनिसाने विचारलं, हे काय? बावतीस म्हणाला, "वैनी शिकतायत."
गाडी तपासली. माणसाला कुणी तपासलं नाही.

१० मार्च
सोसायटीत आणून लावली. अ. म्हणतो, रविवारी होळी नाक्यावरच्या बाजारातून भाजी आणतो. एकटा. "तू घरी बस. किती दिवस दाईसारखी मागे फिरणार?"
होळी नाक्यावर रस्त्याच्या डाव्या कडेला बायका पाट्या घेऊन बसतात. केळी, दुधी, वांगी. मागे त्यांची नातवंडं खेळत असतात.
सांगितलं, पुन्हा सगळं. पुठ्ठा, भात, पिंप. पिंपापाशी हसला. "पिंप कुठलं?"
पेडलचं सांगितलं नाही. पेढे वाटायचे आहेत.

१२ मार्च
दाराशी किल्ल्यांची पाटी आहे, खिळ्यांची. गाडीची किल्ली उजव्या खिळ्यावर होती. डाव्या टोकाच्या खिळ्यावर लावली. कपाटात नाही, कुलपात नाही. समोर आहे.
ज्या दिवशी स्वतः शोधेल त्या दिवशी नेऊ देत. हा नियम.

१५ मार्च
रविवार. पाटीसमोर उभा होता. मला विचारलं, "किल्ली बावतीसकडे राहिली का?"
"बघ पाटीवर."
"बघितलं. नाहीये."
भाजी मी रिक्षाने आणली.

१८ मार्च
फळी पलंगाखाली ढकलली आहे. दाढी नाही. स्नेहलला म्हणाला, उद्यापासून नको येऊस. ती म्हणाली, "येणार." त्याला भिंतीवर हात फिरवत डाव्या कोपऱ्यापर्यंत जायला शिकवते आहे. कोपरा लागला की डोकं वळवायचं. आज दोनदा वळवलं. तिसऱ्यांदा नाही.
किल्ली उजवीकडे लावावी का, असं दुपारी मनात आलं. उठलेही. मग डाळ निवडायला घेतली.

२२ मार्च
सकाळी खिळा रिकामा.
अ. टेबलाशी, दाढी केलेली. उजवा गाल स्वच्छ, डाव्या गालावर खुंट. ताटलीत उजवीकडचे पोहे संपलेले, डावीकडचे तसेच. शेजारी किल्ली. उजव्या हाताशी.
"कुठे सापडली?"
"पाटीवर. भिंतीवरून हात फिरवत गेलो. तिथंच तर होती."
"दिसली, की हाताला लागली?"
"मिळाली ना? तुझा काय परीक्षेचा पेपर आहे का हा?"
होता. हाताने शोधायचं नाही, असं त्यात घातलं नव्हतं. माझ्याकडून अशी ढिसाळ अट कधी सुटली नव्हती.
ताटली फिरवली. राहिलेले पोहे त्याने खाल्ले. किल्ली उचलली, दाराशी गेला. आजही एकटाच जातो म्हणेल, असं वाटलं. उंबऱ्यावर थांबला. डोकं डावीकडे वळवलं, सावकाश, शिकवल्यासारखं. मी तिथेच उभी होते.
"येतेस?"
एवढं लिहिते आहे तोवर खाली इंजिन चालू झालं. एका फटक्यात. हॉर्न वाजवतोय.
चपला काढून बूट घातले. पेडलवरून चप्पल सटकते.