नमुना क्रमांक ११७ आणि डालड्याचा डबा

मी, मुखरू देवाजी गुरनुले, वय वर्षे बाहत्तर, सेवानिवृत्त प्रयोगशाळा परिचर, भूशास्त्र विभाग, मूळ गाव कोसमटोला, जिल्हा गडचिरोली, सध्या राहणार चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी रुखमाबाई हिला तो दाखला मान्य नाही, पण कायद्याने तिचे मत विचारलेले नाही. मला कोणी धमकावलेले नाही की भुलवलेले नाही. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि डॉक्टर "काही घाबरू नका" असे तीनदा म्हणाले, म्हणून लिहायला बसलो.

कलम १. चंद्रपूरचे दोन खोल्यांचे घर आणि अंगणातले सीताफळाचे झाड रुखमाबाईला. ती आहे तोवर घर कोणी विकू नये. शेजारची पोरे भिंतीवरून सीताफळे तोडतात, तर तोडू द्यावीत. मी वीस वर्षे ओरडून पाहिले, फक्त माझा घसा बसला. बँकेत जे काही उरेल तेही तिचेच. त्यातून तिने सर्वांत आधी दात बसवून घ्यावेत. "आता या वयात काय करायचे दात" हे उत्तर मी मेल्यावरही ऐकून घेणार नाही.

कलम २. कोसमटोल्याची धानाची बांधी, म्हणजे भातशेती, मुलगा विक्की आणि मुलगी दिव्यानी यांना अर्धी अर्धी. दिव्यानीचे लग्न झाले, तिला कशाला, असे म्हणणारे दोन नातेवाईक आहेत. त्यांची नावे इथे लिहीत नाही, त्यांना ती ठाऊक आहेत. धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या कडेचा, मोह दोघांचा. तो तोडायचा नाही.

कलम ३. माझा हातोडा, दहा पटीचे भिंग, दगडाच्या भुकटीचा रंग पाहायची पांढरी फरशी आणि खनिजशास्त्राचे पुठ्ठा फाटलेले पुस्तक हे सर्व दिव्यानीची मुलगी मयुरी हिला. ती नागपूरला भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात एवढी माणसे, पण दगड हातात घेतल्यावर आधी वजन जोखणारी ती एकटीच निघाली. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठीही मी तिलाच नेमतो. विक्कीने त्या हातोड्याने यापुढे नारळ फोडू नये.

कलम ४. आता डब्याविषयी.

तांदळाच्या कोठीमागे काळ्या कापडात गुंडाळलेला डालड्याचा जुना डबा आहे. झाकणाला मेण लावून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली आहे. तो एकतीस वर्षे उघडलेला नाही. घर बदलताना तो मी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि देवांची पेटी मागे ट्रॉलीत होती, हे रुखमाबाई अजून पाहुण्यांना सांगते. "तो डबा नाई, माही सवत हाये," असे तिचे म्हणणे. सवत तर सवत, पण तिने आजवर झाकणाला हात लावलेला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हे तोंडाने बोलायचे राहून गेले.

विक्कीने मात्र हात लावला होता. तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे. कुणा ज्योतिषाने त्याला शनीसाठी नीलम घालायला सांगितले. डब्यातल्या दगडाचा भाऊबंद माझ्या कॉलेजच्या संग्रहालयात निळा होऊन पडला आहे, तो त्याने लहानपणी पाहिलेला. मी घरात शिरलो तेव्हा हा पठ्ठ्या चाकूने मेण खरवडत होता.

"काय करून राह्यला बे?"

"बाबा, नीलम तं घरीच हाये. मंग इकत काऊन घेऊ?"

"तो नीलम नाई. मऊ हाये तो, नखानं खरवडते. आंगठी घालून भाजी चिरशीन तं भाजीत जाईल तुहा शनी."

तो तीन महिने माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. त्या चाकूबद्दल मी त्याला आता माफ करतो, पण ज्योतिषाला नाही.

कलम ५. माझ्यामागे कोणी हुज्जत घालू नये म्हणून डब्यात काय आहे ते लिहितो. १९९४ च्या उन्हाळ्यात कोसमटोल्याच्या मामा तलावाचा, म्हणजे मालगुजाराच्या काळातल्या तलावाचा, गाळ काढणे चालू होते. मी सुटीवर गावी होतो. पोचू नावाचा माझा बालमित्र खोल काळ्या चिखलात फावडे मारत होता. त्याला म्हशीचे जुने हाड लागले, ते तुटले आणि तो ओरडला, "मुखरूभाऊ, हाडात साखर जमली ना जी!" मी खाली उतरून पाहिले. हाडाच्या पोकळीत बोटाच्या पेराएवढे स्फटिक होते, खडीसाखरेसारखे स्वच्छ, आरपार दिसणारे. पोचू चाटून पाहणार होता. मी त्याच्या हातावर मारले. हाडाचे दोन तुकडे त्याच काळ्या चिखलात लिंपून, पळसाच्या पानात बांधून मी या डब्यात घातले.

हे खनिज म्हणजे विवियनाइट. कुण्या साहेबाच्या आडनावावरून नाव पडले आहे, त्याला माझा इलाज नाही. वर्ग फॉस्फेटचा, जात पाणीदार: लोहाचे तीन भाग, फॉस्फेटचे दोन आणि पाण्याचे आठ. हाडातून फॉस्फेट आले, आमच्या लाल मातीतून लोह झिरपले आणि वरच्या पाण्याने शंभर वर्षे हवा आत येऊ दिली नाही. जमिनीतून निघताना ते बिनरंगी असते. उजेड आणि हवा लागली की आतल्या लोहाचे रूप बदलते आणि खडा हिरवट, मग निळा, मग दौतीतल्या शाईसारखा होतो. शेवटी काळा पडून भुगा होतो. एकदा निळा झालेला पुन्हा पांढरा होत नाही. नखाने ओरखडा उठतो. पातळ पापुद्रा वाकवला तर वाकतो. सौम्य आम्लात गुपचूप विरघळतो, फेस येत नाही.

याउलट अझुराइट हे तांब्याचे कार्बोनेट. त्याला नख लागत नाही, आम्ल टाकले की फसफसते आणि हातात जड लागते. दोघांत साम्य एवढेच की दोघेही निळे. निळा आहे म्हणून नीळकंठ पाखराला कोणी अझुराइट म्हणत नाही!

कलम ६. तरीही आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात, तिसऱ्या कपाटात, नमुना क्रमांक ११७ या चिठ्ठीवर आजही लिहिलेले आहे: "अझुराइट. ताम्र खनिज. कोसमटोला." म्हणजे माझ्या गावाच्या नावावर नसलेले तांबे चढवून ठेवले आहे. दोनदा तर बाहेरगावचे लोक त्या तांब्याची चौकशी करत तलावापर्यंत गेले आणि बांध उकरून आले. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर मिळून मी अकरा अर्ज केले. कधी उत्तर आले की चिठ्ठी बदलायला समिती लागते. समिती नेमली, तर तिचे अध्यक्ष बदलून गेले. शेवटच्या उत्तरात लिहिले होते, "खनिजाचा मूळ रंग पांढरा असल्याचा पुरावा सादर करावा." पुरावा या डब्यात आहे आणि तो दाखवायला काढला की निळा पडायला लागतो. हे मी कितीदा समजावून सांगू? पुढचा विभागप्रमुख म्हणाला, "मग फोटो काढून पाठवा." फोटो काढायलाही डबा उघडावाच लागतो ना, महाराज!

ही चिठ्ठी प्राध्यापक प्रभाकर वासेकर यांच्या हस्ताक्षरातली आहे. एकतीस वर्षे मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. वासेकर सरांनी नख लावले असते तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मी सांगायला गेलो होतो, "सर, हा आधी पांढरा होता." त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "मुखरू, दगड काही सरडा नसते रंग बदलायले." सगळा वर्ग हसला. ते हसणे मी घरी आणले आणि जेवणाच्या ताटावर वर्षानुवर्षे रुखमाबाईला ऐकवले. सर निवृत्त होऊन आमच्याच वॉर्डात राहायला आले, तेव्हापासून मी दूध आणायला लांबच्या रस्त्याने जातो.

कलम ७. हे कलम मी तीनदा लिहून फाडले. आता फाडायला वेळ नाही.

डबा सहा महिने प्रयोगशाळेत पडून होता. सर रोज "पाहू" म्हणत. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हातोडे, तराजू, सूक्ष्मदर्शक सगळे धुऊनपुसून हळदकुंकू लावून मांडायचे, हे काम माझेच. माझ्या मनात आले, एवढी सुंदर वस्तू आपल्या तलावाने दिली, ती का अंधारात राहावी? दोनपैकी एक तुकडा मी काढला. चिखल नळाखाली स्वच्छ धुतला. हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि वाळायला व्हरांड्यात उन्हात ठेवला. दसरा, शनिवार, रविवार अशी सुटी लागून आली. सोमवारी येऊन पाहतो तर खडा निळाशार.

नोंद होण्याआधी कुठलाही नमुना धुवायचा नाही, हा विभागाचा पहिला नियम होता. मी तेव्हा रोजंदारीवर होतो, कायम होण्याचा कागद वर गेलेला होता. म्हणून सरांना एवढेच म्हणालो की हा आधी पांढरा होता. मी धुतला, मी चार दिवस उन्हात ठेवला, हे बोललो नाही. दुसरा तुकडा डब्यात तसाच बंद करून मी घरी नेला हेही बोललो नाही, कारण मग पहिला बाहेर कसा आला हे सांगावे लागले असते. सरांसमोर मी अर्धीच गोष्ट ठेवली आणि ते पूर्ण ओळखत नाहीत म्हणून त्यांच्यावर जन्मभर चिडून राहिलो. कायम झाल्यावर तरी सांगता आले असते. पण तोवर राग अंगवळणी पडला होता आणि खरे सांगायचे तर त्याच्यामागे लपायला बरे वाटत होते. मला याची लाज वाटते. चिठ्ठी वासेकर सरांनी लिहिली, पण चूक माझी आहे.

कलम ८. दुसरा तुकडा अजून पांढरा असेल की नाही, मला माहीत नाही. मेण कुठे उकलले असेल, विक्कीचा चाकू कुठवर गेला असेल, काय सांगावे. तो एकदाच पाहता येईल, म्हणून पुढीलप्रमाणे करावे.

कलम ९. माझ्या मृत्यूनंतर तेराव्याच्या आत, सकाळी चांगल्या उजेडात, मयुरीने डबा उघडावा. वासेकर सरांना बोलवावे, आणि चिखल फोडल्यावर पहिल्यांदा त्यांनी पाहावे. घरच्यांनी मध्ये डोकी घालू नयेत. नख त्यांनीच लावावे. खडा पांढरा निघाला तर मयुरीने तिथेच फोटो काढून बाराव्या अर्जासोबत जोडावा, आणि नवी चिठ्ठी सरांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावी: "विवियनाइट. लोहाचे पाणीदार फॉस्फेट. कोसमटोला, मामा तलाव. शोधक: पोचू." चाटणार होता तरी शोध त्याचाच. खडा काळा निघाला तर तो त्याच तलावात नेऊन टाकावा आणि सरांना कलम ७ वाचून दाखवावे.

पहिल्या साक्षीदाराची सही मी मुद्दाम वासेकर सरांची घेत आहे. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, त्याने फक्त माझी सही पाहायची असते, असे वकिलांनी सांगितले आहे. तरी सरांच्या हातात फक्त शेवटचे पान द्यावे.

वरील सर्व मी शुद्धीत, राजीखुशीने आणि बऱ्याच वैतागाने लिहिले आहे.

ठिकाण: चंद्रपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सही: मुखरू देवाजी गुरनुले

साक्षीदार २: पुनम शेंडे, शेजारी, शिक्षिका. (मुखरूकाकांनी माझ्यासमोर सही केली. पाने माझ्याकडून खाली पडली आणि सरांनी ती गोळा केली, यात माझा दोष नाही.)

साक्षीदार १: प्रभाकर वासेकर, सेवानिवृत्त प्राध्यापक. न वाचता मी आयुष्यात कशावर सही केलेली नाही, नमुना क्रमांक ११७ सोडून. नख लावायला मुखरूची परवानगी लागत नव्हती, ते माझे काम होते. कलम ९ मध्ये "माझ्या मृत्यूनंतर तेराव्याच्या आत" हे शब्द मी खोडत आहे. त्याजागी "उद्या, शनिवारी, सकाळी दहा वाजता, मुखरूभाऊंच्या शेजारी बसून" असे वाचावे. मयुरीला आजच्या रात्रीच्या गाडीने बोलवा. मी जवळच्या रस्त्याने येतो.

कलम ९ मधील खाडाखोड मी पाहिली. ती मला मान्य आहे.
मुखरू