स्पेनचा मूळ पुरुष

तापीकाठ, तालुका शहादा
मार्गशीर्ष, १९६१

ती. दाजींच्या चरणी सुपडूचा साष्टांग नमस्कार.

इकडे गहू बरा आहे, केळी बरी आहे, म्हैस व्यायली, मी मात्र बरा नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचं डोकं दुखायचं थांबलं का? तुमचं कार्ड पोचलं. पुण्याच्या पुरातून वाचवून माझ्याकडे ठेवलेली ती जुनी स्पॅनिश कादंबरी लगेच पाठवा, अशी चित्रांची प्रत देशात दुसरी नसेल, संग्रहालयाचे साहेब बघायला येताहेत, असं तुम्ही लिहिलंत. वाचून मी ओट्यावरच बसलो. पाठवतो हो, पण आधी ऐका, आणि रागावू नका. (रागवायचंच असेल तर माझ्या बायकोवर, धनुबाईवर रागवा. ती निदान तुमचं ऐकून तरी घेते.)

ग्रंथ मी जिवापाड जपला, देवाशप्पथ. कापसाच्या खोलीत उंदीर, माळ्यावर चुलीचा धूर, म्हणून धनुबाईनं तो देवाशेजारच्या कोनाड्यात लाल फडक्यावर ठेवला. आता लाल फडक्यावर ठेवलेली वस्तू आपल्याकडे आपोआप पूज्य होते, त्याला मी काय करू? शेजारणी येता-जाता हळदकुंकू वाहायला लागल्या. (ग्रंथावर नाही, फडक्यावर. बहुतेक फडक्यावरच.)

तशात आमच्या चुडामणला बघायला तळोद्याकडची मंडळी आली. पोरगा सोन्यासारखा, शेतात मरमर राबतो, पण ते पोट! आधीची सगळी स्थळं चहा प्यायली, पोट पाहिलं आणि गेली ती गेलीच. हेही गेलं तर लेक बिनलग्नाचा राहतो, ह्या धास्तीनं माझा घास उतरेना. आपल्यात सोयरीक जुळवताना भाटाच्या तोंडून वंशावळ ऐकायची रीत. तर भाट बसला, खापरावरच्या पुरणपोळ्या हाणून सुस्तावला, आणि आमच्या पणजोबांपाशी येऊन जो अडकला तो अडकलाच. त्यांच्या मागचं कोणी आठवेना. मुलीची आजी जसोदाबाई (त्या घरात तिचाच शब्द चालतो) माझ्याकडे अशी बघायला लागली की मी नजर खाली घातली. तेवढ्यात धनुबाई ताडकन उठली, तुमचा ग्रंथ आणून सगळ्यांपुढे उघडला आणि भाला घेऊन घोड्यावर बसलेल्या एका हाडकुळ्या म्हाताऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हाऊ आमना मूळ पुरुष शे!"

अहो, मी मेलोच! पण भाटाची कळी खुलली. त्यानं तिथल्या तिथं त्या स्पॅनिश गृहस्थाला आमच्या घराण्यात घेतलं आणि खड्या आवाजात त्याचा पराक्रम गायला लागला. मला वाटलं निभावलं. कसलं काय, जसोदाबाईनं चष्मा मागवला आणि एकेक चित्र धरून माझी उलटतपासणी मांडली. पवनचक्कीवर भाला का उगारतो? बांधाचा जुना वाद होता, मी म्हणालो. मेंढरं का मारतो? पिकात शिरली होती. घोडा असा का? (सारंगखेड्याच्या यात्रेत असला घोडा फुकट दिला तरी कोणी नेणार नाही.) त्या साली दुष्काळ होता, मी म्हणालो. मग म्हातारीनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं, "आनि यानी बायको कोठे शे?"

पानं उलटली. बायको नाही. पोरंबाळं नाहीत. शेवटच्या चित्रात गृहस्थ अंथरुणावर मरून पडलेला. मूळ पुरुष आणि बिनलग्नाचा! भाट तांब्या घेऊन बाहेर गेला तो परत आलाच नाही.

मी ग्रंथ मिटायला हात पुढे केला. जसोदाबाई मात्र मागची पानं पुन्हा चाळत होती, आणि एका चित्राशी थांबली. त्या हाडकुळ्याच्या मागून गाढवावर येणारा एक ढेरपोट्या माणूस तुम्हाला आठवत असेल. एका पानावर तो बायको-पोरांचा निरोप घेतो, पुढच्यावर गाढवाला कुरवाळतो, त्याच्या पुढच्यावर बसून मजेत भाकर खातो. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग चुडामणकडे पाहिलं. तो बेटा नेमका उरलेल्या पोळ्या संपवत होता. ती माझ्यावरच खेकसली, "सुपडूभाऊ, तुमना मूळ पुरुष तुमलेच वळखू येत नही का? हाऊ शे हाऊ! तो घोडावाला तुमना कोनी नही. हाऊ जनावर सांभाळस, पोटभर खास, बायकोले सांगीसन घर सोडस. असाच घरमा आमनी पोर देवानी!"

साखरपुडा झाला, दाजी! पोराच्या पोटाला जन्मात पहिल्यांदा कोणी चांगलं म्हटलं. मला रडूच आलं. चुडामणनंही आनंदानं आणखी एक पोळी मागितली.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सुपडू

ता. क. ग्रंथ सध्या इथे नाही. भावकीला दाखवायला जसोदाबाई घेऊन गेली. लग्नात रुखवतावर मांडून नवरीबरोबरच परत पाठवणार आहे. साहेबांनाच लग्नाला घेऊन या. वऱ्हाडात खपून जातील.

आणखी ता. क. मांडवात सगळे तुम्हाला विचारणार, कारण आपल्यात शिकलेले तुम्हीच. तेव्हा हात जोडून सांगतो, गाढववाला आपला आहे एवढंच म्हणा. हाडकुळ्याचं नाव काढू नका.

शेवटचं ता. क. गाढववाल्याच्या कपाळाला हळदकुंकू लागलं आहे. साहेबांना सांगा, पुसायला जाऊ नका. मोठ्या माणसांच्या तोंडावरून असा हात फिरवलेला आमच्या घरी चालत नाही.