दिघी दरबारी काळेवाडीचा खलिता

राजमान्य राजश्री मालोजीदादा यांसी,

काळेवाडीहून आपल्या दाजीचा दंडवत. इकडचं क्षेम जेमतेम, आपलं सांगावं. गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? (आधी विचारपूस, मग कामाचं बोलणं, हे मी ज्या कारभाऱ्याची पत्रं उतरवतो त्याच्याकडून शिकलो. फौज दारात आली तरी तो समोरच्याच्या पडशाची चौकशी आधी करायचा.)

आपल्याला ठाऊक आहेच, चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मालातली खोट काढून मी निवृत्त झालो आणि मोडी शिकलो. पुण्याच्या एका मंडळाने अडीचशे वर्षांपूर्वीच्या या कारभाऱ्याचा पत्रव्यवहार बाळबोधीत उतरवायला दिला. पाचशे पत्रं निरनिराळ्या दरबारांना, सात त्याच्या बायकोला. आपल्या बहिणीच्या, मंजुळाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या सकाळी मी त्या सातांतलं तिसरं पत्र अक्षर अक्षर लावत होतो. ती म्हणाली, रिक्षा आली. मी म्हणालो, एवढी ओळ. ओळ अशी होती: ‘तुमचे शरीरी ज्वर ऐकून चित्त स्वस्थ नाही, परंतु राजकारण टाकून येणे घडत नाही.’ (अक्षर काय सुंदर आहे, दादा!) मान वर केली तोवर शेजारच्या गौहरभाभी तिला घेऊन गेल्याही होत्या.

चार दिवस ती काळा चष्मा लावून घरात वावरली, मला चहा देत राहिली. पाचव्या दिवशी पिशवी भरून म्हणाली, "त्या मेलेल्या बाईचा ताप तुमास्नी वाचता येतो. माजं काय इचारू नका." आणि ती तिकडे दिघीला, आपल्याकडे निघून आली.

मग मी कारभाऱ्याच्या चालीने तह करायला निघालो. त्याची चाल अशी, की एका लखोट्यात दोन पत्रं घालायची. एक चारचौघांत वाचायचं, गोड. दुसरं खासगी, खरं. आपल्या नावच्या पत्रात मी आपल्याला कुळाचा आधारवड म्हटलं. मंजुळाच्या चिठ्ठीत लिहिलं की, त्या हेकट, कंजूष म्हाताऱ्याच्या घरी किती दिवस काढणार आहेस? आणि ती चिठ्ठी भलत्याच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये म्हणून मोडीत लिहिली.

एवढी अक्कल पाजळली, पण मंजुळाला मोडी येत नाही हे काही सुचलं नाही. तिने ती चिठ्ठी मोठ्या विश्वासाने घरातल्या मोडी वाचणाऱ्या एकुलत्या एका माणसापुढे धरली. आपला जन्म भूमी अभिलेखच्या कचेरीत गेला हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं! आपण ती सगळ्यांदेखत खणखणीत वाचलीत, असं आपल्या सूनबाई वर्षालीने फोनवर सांगितलं. (‘हेकट’ला वहिनी हसल्या म्हणे.) शेवटी दोन ओळी होत्या, की तुझ्यावाचून घर खायला उठतं, मी चुकलो. त्या आपण वाचल्यात, की रागाने कागद आधीच चुरगाळलात, ते वर्षालीला सांगता येईना.

मला फार वाईट वाटतंय, दादा. आठ दिवस घरात कुणाचा आवाज नाही. मंजुळा फोन घेत नाही. कारभारीही आता नकोसा झालाय.

राग खुशाल असावा, दार तेवढं उघडं असावं, ही विनंती.

आपला,
ज्योतीराम

ता. क. आपण कंजूष नाही. हेकट आहात, पण ते लिहायला नको होतं.

ता. क. आणखी. कारभाऱ्याचं बायकोला लिहिलेलं सातवं पत्र काल लावलं. ते पोचण्याआधीच बाई गेल्या होत्या. कुणा कारकुनाने पाठीमागे तसं दोन शब्दांत लिहून ठेवलंय.

ता. क. शेवटचं, आणि खरं काम हेच. रविवारी दिघीला येऊन तिची माफी मागायची आहे. पण मी उंबऱ्यात पाय ठेवला की ती पहिलं हेच विचारणार, ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं ते सांगा. चार दिवस ती माझ्यासमोर होती, आणि मला ते माहीत नाही. तिला न विचारता, नुसतं बघून कळवा, डावा की उजवा?